आर्कल चॅलेंज ट्रॉफी : नवख्या स्टीपलचेस घोड्यांवर पैज लावण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही शर्यत कोणती, आणि तिला एवढे महत्त्व का आहे?

इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे दरवर्षी मार्च महिन्यात चार दिवसांचा महोत्सव भरतो. त्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, आर्कल चॅलेंज ट्रॉफी धावली जाते. अंतर सुमारे दोन मैल, काटेकोर सांगायचे तर १ मैल ७ फर्लांग १९९ यार्ड, आणि वाटेत १३ कुंपणे असतात. पाच वर्षे व त्यावरील वयाच्या नॉव्हिस, म्हणजे नवख्या, घोड्यांसाठी असलेली ही ग्रेड वन (सर्वोच्च दर्जाची) स्टीपलचेस, म्हणजे उंच, भक्कम कुंपणांवरून उड्या मारत धावण्याची शर्यत, १९६९ पासून या नावाने होते. १९६४, १९६५ आणि १९६६ अशी सलग तीन वर्षे चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकणाऱ्या आर्कल या आयरिश घोड्याचे नाव तिला देण्यात आले आहे.

तिचे खरे वजन पुढच्या इतिहासावरून कळते. मॉस्को फ्लायर, अझर्टियुऑप, सायझिंग युरोप, स्प्रिंटर सेक्र आणि अल्टिऑर हे सर्व घोडे आधी आर्कल जिंकले आणि नंतर दोन मैलांच्या सर्वोच्च शर्यतीत, क्वीन मदर चॅम्पियन चेसमध्ये, विजेते ठरले. त्यामुळे आर्कलमध्ये लागणारा भाव त्या दुपारपुरता नसतो. हा घोडा उद्या कोण होणार आहे, या अपेक्षेचाही भाव त्यात मिसळलेला असतो. पैज लावणाऱ्याने सर्वांत आधी ही अपेक्षा पुराव्यापासून वेगळी काढली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

'नॉव्हिस' घोडा कोणाला म्हणतात? त्याचा अंदाज बांधणे अवघड का असते?

साधारण नियम असा, की चालू हंगाम सुरू होण्यापूर्वी ज्या घोड्याने एकही स्टीपलचेस जिंकलेली नाही, तो त्या हंगामापुरता स्टीपलचेसमधील नॉव्हिस. तो घोडा नवा असतोच असे नाही. बहुतेकांनी एक-दोन वर्षे हर्डलच्या शर्यती गाजवलेल्या असतात. हर्डलची किमान उंची साडेतीन फूट आणि ती धक्का लागल्यास वाकते. स्टीपलचेसचे कुंपण किमान साडेचार फुटांचे, बर्चच्या काटक्या घट्ट बांधून केलेले असते आणि चुकीची शिक्षा तिथल्या तिथे देते.

मार्चपर्यंत अशा घोड्याच्या नावावर बहुधा दोन, तीन किंवा चार स्टीपलचेस असतात. त्यांतल्याही काही चार-पाच घोड्यांच्या, सोप्या आणि संथ गतीने धावलेल्या. २००४ चा विजेता वेल चीफ आर्कलपूर्वी अवघी एकच स्टीपलचेस धावला होता. इतक्या थोड्या पुराव्यावर बाजाराला भाव ठरवावा लागतो आणि तुम्हालाही मत बनवावे लागते. अंदाज चुकण्याची शक्यता म्हणूनच दोन्ही बाजूंना असते, आणि विचारी माणसाला संधी मिळते तीही त्यामुळेच.

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेस पाहणाऱ्याने कोणत्या सवयी बाजूला ठेवाव्यात?

आपल्याकडच्या शर्यती सपाट धावण्याच्या असतात. तिथे स्टार्टिंग गेटमधील ड्रॉ (घोड्याला मिळालेली जागा), शेवटच्या दोन फर्लांगांतील वेग आणि हॅण्डिकॅपमधील, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन देणाऱ्या शर्यतीतील, एक-दोन किलोचा फरक यांवर डोळा ठेवण्याची सवय लागते. आर्कलमध्ये ड्रॉ नसतो, कारण घोडे गेटमधून नव्हे तर टेपमागून सुटतात. ही हॅण्डिकॅप नसल्यामुळे वजनाचा प्रश्नही जवळजवळ उरत नाही. घड्याळातील वेळेचा उपयोग आहे, पण मर्यादित. जमिनीचा ओलावा आणि शर्यतीची गती यांमुळे दोन वेगवेगळ्या दिवसांच्या वेळा शेजारीशेजारी ठेवून फारसे काही हाती लागत नाही. त्याच दिवशी त्याच ट्रॅकवर, तेवढ्याच अंतरावर धावलेल्या दुसऱ्या स्टीपलचेसशी तुलना केली तर मात्र वेळ खरोखर काहीतरी सांगते.

भाव कसा वाचावा?

ब्रिटनमध्ये भाव अपूर्णांकात सांगतात. ५/१ म्हणजे एक पौंड लावल्यास पाच पौंड नफा आणि लावलेला पौंड परत. १/२ म्हणजे दोन पौंड लावल्यावर एक पौंड नफा. प्रत्येक भावाच्या पोटात एक शक्यता दडलेली असते. ती काढण्यासाठी उजवीकडच्या आकड्याला दोन्ही आकड्यांच्या बेरजेने भागावे. ५/१ मध्ये १६.७ टक्के, १/२ मध्ये ६६.७ टक्के, ३३/१ मध्ये २.९ टक्के.

आता एक काल्पनिक मैदान घ्या : पाच घोडे, भाव १/२, ५/१, ६/१, १०/१ आणि २०/१. शक्यतांची बेरीज होते सुमारे १११.५ टक्के. शंभराच्या वरचे हे साडेअकरा टक्के बुकमेकरचे, म्हणजे पैज घेणाऱ्याचे. तुम्ही डोळे मिटून पैसे लावत राहिलात, तर कालांतराने याच हिश्शातून तुमचे पैसे जातात.

म्हणून मी प्रत्येकाला एकच पद्धत सुचवतो. भाव पाहण्याआधी कागदावर सर्व घोड्यांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे आपल्या मते त्याची जिंकण्याची टक्केवारी मांडावी. बेरीज बरोबर शंभर आली पाहिजे. हे शंभराचे बंधन फार उपयोगी पडते, कारण एका घोड्याला पाच टक्के वाढवून द्यायचे तर ते दुसऱ्या कोणाकडून तरी काढून घ्यावे लागतात. नंतरच बाजाराचे भाव पाहावेत. ज्या घोड्याला तुम्ही २५ टक्के दिलेत आणि बाजार ५/१ देतो आहे, तिथे विचार करण्याजोगे काही आहे. ज्याला तुम्ही ६० टक्के दिलेत आणि भाव १/२ आहे, तो तुमच्याही मते शर्यत जिंकण्याची शक्यता सर्वाधिक असूनही पैज लावण्याजोगा नाही.

ऑड्स-ऑन फेव्हरिटवर पैसे लावण्यात अर्थ असतो का?

लावलेल्या रकमेपेक्षा नफा कमी मिळतो अशा भावाला ऑड्स-ऑन म्हणतात. नॉव्हिस शर्यतीत असा फेव्हरिट (सर्वांत कमी भावाचा घोडा) म्हणजे सापळा, हे वाक्य वारंवार ऐकू येते. आर्कलचा अलीकडचा इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. २०१२ ते २०२५ या काळात ऑड्स-ऑन भावाने सुटलेले घोडे पाहा : स्प्रिंटर सेक्र ८/११, सिमनसिग ८/१५, अन द सो ४/६, डूव्हान १/४, अल्टिऑर १/४, फुटपॅड ५/६, शिशकिन ४/९ आणि मेजबरो १/२. या आठांपैकी सात जिंकले. भावांमधील शक्यतांची बेरीज केली तर सुमारे ५.३ विजय अपेक्षित होते.

यावरून ऑड्स-ऑन फेव्हरिटवर आंधळेपणाने पैसे लावावेत, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. आठ शर्यती हा नमुना फार लहान आहे. एक निकाल इकडचा तिकडे झाला असता तर चित्र बदलले असते. २०१७ चेच उदाहरण घ्या. शेवटून दुसऱ्या कुंपणावर चार्बेल आघाडीवर असताना पडला आणि अल्टिऑरपुढचे मैदान मोकळे झाले. अल्टिऑर तसाही जिंकला असता असे मला वाटते, पण १/४ भावात पाचपैकी चार वेळा विजय गृहीत धरलेला असतो आणि तेरा कुंपणांच्या शर्यतीत एवढा भरवसा फार थोड्या घोड्यांवर ठेवता येतो.

आठवा घोडा, मेजबरो, यासाठी अभ्यासण्यासारखा आहे. २०२४ मध्ये ट्रायम्फ हर्डल आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लेपर्ड्सटाउनची आयरिश आर्कल जिंकून तो चेल्टनहॅमला आला. वय अवघे पाच, वेग निर्विवाद. शेवटून दुसऱ्या कुंपणावर त्याने मोठी चूक केली, लय तुटली आणि तो तिसरा आला. चढणीवर मागून आलेल्या जँगो बेने ओन्ली बाय नाइटला अर्ध्या लांबीने (एक लांबी म्हणजे घोड्याच्या शरीराएवढे अंतर) मागे टाकले. जँगो बेचा भाव ५/१ होता.

घोड्याची उडी कशी पारखावी?

माझ्या मते आर्कलच्या अभ्यासातला अर्ध्याहून अधिक वेळ याच कामाला द्यावा. निकालपत्रकात घोडा कितव्या क्रमांकावर आला ते कळते. उडी कशी होती ते चित्रफितीतच दिसते. प्रत्येक संभाव्य घोड्याच्या आधीच्या स्टीपलचेस पुन्हा पाहाव्यात. विजेता कोण हे ठाऊक असल्यामुळे आता नजर एकाच घोड्यावर रोखून ठेवता येते.

कुंपणाच्या अलीकडच्या तीन-चार ढांगांकडे लक्ष द्यावे. चांगला घोडा दुरूनच अंतर जोखतो आणि शेवटच्या ढांगा आपसूक लांबवतो किंवा आखडतो. जॉकीचे हात जवळपास स्थिर राहतात. ज्या घोड्याला अंतर कळत नाही त्याच्या मानेला अखेरच्या क्षणी झटका बसतो, तो कुंपणाच्या अगदी बुडाशी जाऊन सरळ वर उठतो आणि पलीकडे उतरताना जणू थांबतो. अशा एका उडीत अर्धी-पाऊण लांबी जाते. दोन मैलांच्या वेगवान शर्यतीत अशा चार उड्या झाल्या की चढणीवर भरून काढायला काही शिल्लक राहत नाही.

नंतर मागचे पाय पाहावेत. पुढचे पाय नीट उचलूनही मागचे पाय काटक्यांतून ओढत नेणारा घोडा मऊ, लहान मैदानांवर निभावून जातो. चेल्टनहॅमची कुंपणे भक्कम असल्याने तिथे ती सवय महागात पडते. मग उतरल्यावरची पहिली ढांग. जो घोडा पाय टेकताच पळू लागतो, तो शेजारच्यापेक्षा दर कुंपणाला थोडे थोडे कमावत असतो.

आणखी एक बाब म्हणजे हवेत असताना बाजूला सरकणे. चेल्टनहॅम डावीकडे वळणारा ट्रॅक आहे. उजवीकडे सरकत उडी मारणारा घोडा प्रत्येक कुंपणाला जास्त अंतर कापतो. तरीही हा दोष कायमचा अपात्र ठरवणारा नाही. गेलिक वॉरियर उजवीकडे सरकण्याबद्दल प्रसिद्ध होता आणि २०२४ ची आर्कल त्याने साडेआठ लांबींनी जिंकली. इतर बाबतींत तो इतका वरचढ होता, की ते नुकसान त्याला परवडले. प्रश्न नेहमी हाच असतो, की या दोषाची किंमत भावात आधीच धरलेली आहे की नाही.

शेवटी, घोड्याची उडी कोणत्या वेगात पाहिली हेही लिहून ठेवावे. एकट्याने आघाडीवर, आपल्या चालीने धावताना जवळजवळ सगळेच घोडे देखणी उडी मारतात. दोन्ही बाजूंना घोडे, समोर मातीचे गोळे उडत आहेत आणि वेग चढा आहे, अशा एका कुंपणावर तो काय करतो, ते मला वीस लांबींच्या एकतर्फी विजयापेक्षा अधिक सांगते.

आधी एकदा पडलेला घोडा यादीतून वगळावा का?

सरसकट नाही. मॉस्को फ्लायर पहिल्याच स्टीपलचेसमध्ये पडला होता आणि त्याच हंगामात, २००२ मध्ये, आर्कल जिंकला. घोडा का पडला ते पाहावे. थकून पडला, शेजारच्याने अडवले म्हणून पडला, की अंतरच चुकले? पहिल्या दोन कारणांना मी फारसे महत्त्व देत नाही. पडल्यानंतरच्या शर्यतीत तो कुंपणापाशी बिचकला का, हे अधिक मोलाचे आहे.

हर्डलमधील कामगिरीला किती वजन द्यावे?

बरेच. डूव्हान, अल्टिऑर आणि शिशकिन या तिघांनीही आदल्या वर्षीच्या महोत्सवात सुप्रीम नॉव्हिसेस हर्डल जिंकली होती. दोन मैल वेगाने धावण्याची क्षमता हर्डलमध्येच दिसून येते आणि ती नंतर शिकवता येत नाही. मात्र त्याच सुप्रीमचा २०१३ चा विजेता शॅम्पेन फीव्हर पुढच्या वर्षी आर्कलमध्ये फेव्हरिट असताना ३३/१ भावाच्या वेस्टर्न वॉरहॉर्सकडून केवळ एका डोक्याच्या अंतराने हरला.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. २०२२ ची विजेती कामगिरी करणारा एडवर्डस्टोन तेव्हा आठ वर्षांचा होता. त्या हंगामात त्याने सँडाउनची हेन्री द एट्थ, केम्प्टनची वेवर्ड लॅड आणि वॉरिकची किंगमेकर अशा तीन नॉव्हिस स्टीपलचेस ओळीने जिंकल्या होत्या. हर्डलमधील त्याचे नाव डूव्हान, अल्टिऑर किंवा शिशकिनइतके मोठे नसतानाही बाजाराने त्याला ५/२ भावाने फेव्हरिट केले, आणि ते रास्त होते.

कोणत्या पूर्वशर्यती बारकाईने पाहाव्यात?

ब्रिटनमध्ये वर सांगितलेल्या तीन, तसेच नोव्हेंबरमध्ये चेल्टनहॅमलाच होणारी आर्कल ट्रायल. आयर्लंडमध्ये लेपर्ड्सटाउनच्या दोन : नाताळानंतरच्या दिवसाची ग्रेड वन आणि फेब्रुवारीतील आयरिश आर्कल.

नोव्हेंबरच्या ट्रायलकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण मार्चपर्यंत ती विस्मरणात जाते. पुट द केटल ऑन ही घोडी २०१९ ची ट्रायल जिंकली होती. या ट्रॅकवर ती उत्तम धावते हे सर्वांसमोर होते. तरीही २०२० च्या आर्कलमध्ये तिचा भाव १६/१ होता आणि ती जिंकली. त्याच मैदानावर सिद्ध झालेली कामगिरी जुनी झाली म्हणून बाजार तिला स्वस्तात सोडतो, असे मला अनेकदा दिसले आहे.

घोड्यांना मिळणारी वजनाची सवलतही इथे सांगून टाकतो : माद्यांना सात पौंड कमी वजन वाहावे लागते. एवढा फरक निकराच्या शर्यतीत दोन-तीन लांबींचा ठरू शकतो.

चेल्टनहॅमचा ट्रॅक आणि जमीन यांचा विचार कसा करावा?

चेल्टनहॅमच्या ट्रॅकांपैकी मंगळवारी व बुधवारी ओल्ड कोर्स वापरतात. तो चढउतारांचा आहे आणि वळणे न्यू कोर्सपेक्षा जवळजवळ येतात. उतारावरचे कुंपण वेगात घ्यावे लागते, मग वळण, सरळ भागातील कुंपणे आणि अखेरीस दमछाक करणारी चढण. सपाट, सोप्या ट्रॅकवर केवळ वेगाच्या जोरावर जिंकलेल्या घोड्याची इथे परीक्षा होते. जमिनीबाबत एवढेच पाहावे, की घोड्याची आजवरची उत्तम कामगिरी कोणत्या जमिनीवर आहे आणि मंगळवारी सकाळी अधिकृत वर्णन काय आहे. हिवाळाभर चिखलात जिंकलेला घोडा टणक होत चाललेल्या जमिनीवर एक ढांग मागे राहू शकतो. हा निर्णय शर्यतीच्या सकाळपर्यंत राखून ठेवणे शहाणपणाचे.

शर्यतीचा वेग आधी कसा ओळखावा?

प्रत्येक घोड्यापुढे 'आघाडीवर धावतो', 'आघाडीच्या लगेच मागे' किंवा 'मागून येतो' असे लिहावे. आघाडीवर धावणारा एकच असेल तर त्याला मनासारखी चाल मिळते आणि त्याचा भाव मला अधिक आकर्षक वाटतो. असे दोन असतील तर उलटे घडते. २०१८ मध्ये पेटी मुश्वार आणि सेंट कॅल्व्हाडोस सुरुवातीपासून एकमेकांशी भिडले, दोघांनीही ताकद संपवली आणि मागे शांत धावणारा फुटपॅड, वाटेत एका कुंपणावर चूक करूनही, १४ लांबींनी जिंकला. फुटपॅड त्या दिवशी सर्वोत्तम होताच. पण ते १४ लांबींचे अंतर अंशतः पुढच्या दोघांनी त्याला बहाल केले होते, हे पुढच्या शर्यतीत त्याचा भाव पाहताना विसरून चालत नाही.

अडीच मैलांची नॉव्हिस शर्यत बंद झाल्याने काय बदलले?

माझ्या मते अलीकडच्या वर्षांतील हा सर्वांत मोठा बदल आहे. २०२४ पर्यंत महोत्सवात सुमारे अडीच मैलांची वेगळी ग्रेड वन नॉव्हिस स्टीपलचेस होती. २०२५ पासून तिच्या जागी नॉव्हिस हॅण्डिकॅप आली. त्यामुळे मधल्या अंतराच्या दर्जेदार घोड्याला आता दोन मैलांची आर्कल किंवा तीन मैलांची ब्राउन अॅडव्हायझरी यांपैकी एक निवडावी लागते, अन्यथा हॅण्डिकॅपमध्ये वजन वाहावे लागते.

याचा परिणाम पहिल्याच वर्षी दिसला. जँगो बे हा दोन मैलांपेक्षा अधिक अंतर पेलणारा घोडा. शर्यतीच्या मध्यात तो वेगाशी झगडत होता, पण इतरांच्या चुका झाल्या, वेगाची किंमत चढणीवर मोजावी लागली आणि त्याची दमदारी कामी आली. यापुढे आर्कलच्या मैदानात असे घोडे येत राहतील. 'याला दोन मैल कमी पडतील' एवढ्या कारणावरून त्यांना खोडून टाकणे मला धोक्याचे वाटते, विशेषतः जमीन ओली आणि आघाडीवर दोन-तीन घोडे असतील तेव्हा.

ट्रेनर पाहून पैज लावावी का?

२०१२ ते २०२५ या १४ शर्यतींपैकी ११ विली मलिन्स आणि निकी हेंडरसन या दोघांच्या तबेल्यांनी जिंकल्या : मलिन्स सहा, हेंडरसन पाच. हेंडरसन यांचे एकूण विजय आठ आहेत. ही माहिती मोलाची आहे, पण ती सर्वांकडे आहे आणि म्हणून भावातही आहे. ट्रेनरच्या नावाचा उपयोग मी एवढ्यापुरताच करतो : एकाच तबेल्याचे दोन घोडे असतील तर पहिला जॉकी कोणावर बसतो ते पाहतो. तेही अंतिम सत्य मानत नाही.

ईच-वे पैज केव्हा लावावी?

ईच-वे म्हणजे दोन समान पैजा : एक विजयाची, एक प्लेसची, म्हणजे पहिल्या दोन-तीन जागांत येण्याची. ब्रिटनमध्ये प्रचलित अटींनुसार पाच ते सात घोडे असतील तर पहिल्या दोघांना विजयाच्या भावाच्या एक चतुर्थांशाने, आणि आठ किंवा अधिक असतील तर पहिल्या तिघांना एक पंचमांशाने पैसे मिळतात. आठ घोड्यांच्या मैदानात १०/१ भावाच्या घोड्यावर पाच पौंड ईच-वे लावले, तर एकूण दहा पौंड गुंतले. घोडा दुसरा आला तर प्लेसचा भाव २/१. पाच पौंडांचे पंधरा होऊन परत येतात, विजयाचे पाच जातात आणि निव्वळ लाभ पाच पौंड.

बलाढ्य फेव्हरिट असलेल्या आठ घोड्यांच्या मैदानात ही पैज सर्वांत उपयुक्त ठरते. फेव्हरिटच्या धाकाने बाकीच्यांचे विजयाचे भाव फुगतात, आणि प्लेसचा भाव त्यांच्याच प्रमाणात ठरत असल्याने तोही फुगतो. दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी मात्र त्यांना फेव्हरिटशी लढायचे नसते. सावधगिरी एकच : शर्यतीच्या सकाळी एक घोडा मागे घेतला आणि आठाचे सात झाले, की तिसऱ्या जागेचे पैसे बंद होतात.

आठवडे-महिने आधी पैज लावणे फायद्याचे आहे का?

अँटी-पोस्ट पैजेत भाव मोठा मिळतो, पण घोडा धावलाच नाही तर पैसे बुडतात. नॉव्हिस घोड्यांच्या बाबतीत हा धोका दुप्पट आहे, कारण दुखापतीखेरीज मालक-ट्रेनर शेवटच्या आठवड्यात दुसरीच शर्यत निवडू शकतात. महोत्सव जवळ आला की अनेक बुकमेकर 'नॉन-रनर नो बेट' ही सोय देतात. घोडा न धावल्यास रक्कम परत मिळते. ती सुरू होईपर्यंत थांबणे बहुतेकांच्या हिताचे आहे.

अंतिम नोंदणीनंतर घोडा मागे घेतला गेला, तर 'रूल फोर' लागू होतो आणि उरलेल्या विजेत्यांच्या नफ्यातून कपात होते. १/२ भावाचा फेव्हरिट निघून गेल्यास दर पौंडामागे ६५ पेन्स कापले जातात. १४/१ पेक्षा मोठ्या भावाचा घोडा गेल्यास काहीच कापत नाहीत.

भारतात राहून या शर्यतीवर पैज लावता येते का?

घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात दिला आणि रेसकोर्सच्या आवारात परवानाधारक बुकी व टोट (सर्वांच्या पैजांची रक्कम एकत्र करून विजेत्यांत वाटणारी यंत्रणा) यांच्यामार्फत पैज लावता येते. परदेशी संकेतस्थळांची गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली आहे. भारतातील वाचकांनी या लेखाचा उपयोग शर्यत समजून घेण्यापुरता करावा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या १८ वर्षांवरील मराठी वाचकांनी तेथील गॅम्बलिंग कमिशनचा परवाना असलेल्या ठिकाणीच खाते उघडावे.

एका शर्यतीवर किती रक्कम लावावी?

संपूर्ण महोत्सवासाठी, गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही अशी एक रक्कम आधी बाजूला काढावी आणि एका शर्यतीत तिचा लहानसा ठरावीक हिस्साच लावावा. आधीचे गेलेले भरून काढण्यासाठी पुढच्या शर्यतीत रक्कम वाढवणे सर्वांत घातक. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने पैज लावण्यास मनाई आहे, ती याच कारणाने. स्वतःला आवर घालणे कठीण जात असेल, तर गॅमस्टॉप या मोफत सेवेत नाव नोंदवून सर्व परवानाधारक संकेतस्थळे एकदम बंद करून घेता येतात. हा पर्याय वापरण्यात कसलाही कमीपणा नाही.

आर्कलच्या विजेत्यावर लगेच पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन चेससाठी पैज लावावी का?

शर्यत संपल्यावर काही मिनिटांतच तो भाव जाहीर होतो आणि विजयाच्या भरात तो हमखास आखडलेला, म्हणजे कमी, असतो. स्प्रिंटर सेक्र, अल्टिऑर आणि पुट द केटल ऑन यांनी पुढच्याच वर्षी चॅम्पियन चेस जिंकली, हे खरे. पण डूव्हान २०१७ मध्ये २/९ भावाने धावला आणि दुखापत होऊन मागे पडला. शिशकिनला २०२२ मध्ये आणि एल फॅबिओलोला २०२४ मध्ये अर्ध्यावर थांबवावे लागले. एडवर्डस्टोनही २०२३ मध्ये हरला.

त्याऐवजी हरलेल्यांकडे पाहावे. २०१२ मध्ये स्प्रिंटर सेक्रमागे दुसरा आलेला क्यू कार्ड पुढच्या वर्षी अधिक अंतराची रायनएअर चेस आणि २०१५ मध्ये किंग जॉर्ज चेस जिंकला. २०२३ मध्ये एल फॅबिओलोमागे साडेपाच लांबींनी दुसरा आलेला जॉनबॉन त्याच वर्षी सँडाउनची टिंगल क्रीक जिंकला आणि २०२४ मध्येही ती त्याने राखली. डिसेंबरमधील ही टिंगल क्रीक, जिथे गतवर्षीचे नॉव्हिस प्रथमच अनुभवी घोड्यांशी भिडतात, पाहिल्याशिवाय मी पुढच्या मार्चचा कोणताही भाव स्वीकारत नाही.